धागा: बंबाच्या धुराड्यावरची पांढरी दोरी आणि मागच्या पडवीवरचे सिमेंटचे पत्रे

कुळागरकर
१२ एप्रिल, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. डिचोलीजवळ आमचे जुने घर आहे. पुढची बाजू, चौक, बल्काव (दारापुढची बसायची ओटी) सगळे आजोबांच्या वेळचे, मंगलोरी कौलांचे. मागची पडवी, न्हाणी आणि गोठा यांच्यावर मात्र वडिलांनी १९८४ साली सिमेंटचे पत्रे चढवले. शाकारणीला माणसे मिळत नव्हती आणि माकडे कौले फोडत होती, त्यामुळे तेव्हा सगळ्यांना ते बरेच वाटले.

२०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळात माडाची झावळ पडून तीन पत्रे फुटले. ते बदलले, पण फुटके तुकडे विहिरीमागे रचून ठेवले. त्यातले काही पावसात चिखल होऊ नये म्हणून परसातल्या वाटेवर टाकले आणि पायांनी दाबून बसवले. मी स्वतःच बसवले.

गेल्या आठवड्यात सात वर्षांचा भाचा आला होता. खळ्यात लंगडीची घरे आखत होता. खडू कुठून मिळाला म्हणून बघायला गेलो तर हातात पत्र्याचा तुकडा. जमिनीवर ओढला की पांढरी रेघ उठते. तुकडा त्याच्याकडून घेतला आणि उजेडात धरला, तर कडेला कापसासारखी बारीक लव दिसली. त्या रात्री या पत्र्यांतल्या ॲस्बेस्टॉसबद्दल, म्हणजे श्वासातून फुप्फुसात जाऊन आजार करणाऱ्या बारीक तंतूंबद्दल, वाचायला बसलो आणि झोप गेली.

आता पावसाआधी सगळे २२ पत्रे काढायचे ठरवले आहे. ठेकेदार म्हणतो, दोन माणसे, एक घण, अर्ध्या दिवसाचे काम, तुकडे भरावाला वापरा. हे बरोबर वाटत नाही. तुमच्यापैकी कोणी हे काम केले आहे का?

आणखी एक. न्हाणीतल्या तांब्याच्या बंबाचे धुराडे माळ्याला लागून वर जाते. वाशांना आच लागू नये म्हणून माझ्या थोरल्या काकांनी त्याला पांढरट कापड गुंडाळून वरून जाड दोरी आवळली होती. काका जहाजावर होते, तिथून त्यांनी ते आणले होते. आता ते झडते, खाली पीठ पडल्यासारखे दिसते, आई रोज झाडून काढते. तेही त्याच दिवशी ओरबाडून टाकावे म्हणतो.

---

मुरगावचा_तारवटी
१२ एप्रिल, रात्री १०.१५

पत्र्यांचे उद्या बघू. आधी आईला सांग की ते पीठ उद्या सकाळी झाडायचे नाही. न्हाणीचे दार लावून घे. कोणालाही त्या दोरीला हात लावू देऊ नकोस.

मी २६ वर्षे इंजिनरूममध्ये काढली. तू ज्याला पांढरे कापड म्हणतोस त्याला आम्ही लॅगिंग म्हणायचो. वाफेचा प्रत्येक पाइप त्यात गुंडाळलेला असायचा. व्हॉल्व्हचे गॅस्केट बदलायचे तर सुरीने लॅगिंग चिरायचे, हाताने ओढून काढायचे, काम झाले की नवे बांधायचे. वरच्या दिव्याच्या झोतात ते कण तरंगताना दिसायचे, आणि आम्ही त्याच हवेत बसून चहा प्यायचो. कोणी काही सांगितले नव्हते. जहाजांवर हे नव्याने बसवायला २००२ च्या जुलैपासून बहुतेक ठिकाणी बंदी आली आणि २०११ पासून पूर्ण बंदी. तोवर माझी नोकरी संपत आली होती.

माझ्याबरोबर एक कुडतरीचा मुलगा होता, माझ्याहून चार वर्षांनी लहान. जहाज सोडून त्याला वीस वर्षे झाली होती तेव्हा धाप लागायला लागली. आधी दमा म्हणाले, मग क्षय म्हणून औषध दिले. पुढे मुंबईत निदान झाले ते फुप्फुसाच्या आवरणाच्या कर्करोगाचे, मेसोथेलिओमाचे. वर्ष पुरे झाले नाही.

सिमेंटच्या पत्र्यात हे तंतू सिमेंटने धरून ठेवलेले असतात. कापडात आणि दोरीत त्यांना धरणारे काहीच नाही, ते म्हणजे जवळजवळ निव्वळ ॲस्बेस्टॉस. तुझ्या घरातली खरी धोक्याची गोष्ट ती दोरी आहे, ते २२ पत्रे नव्हेत.

काका आहेत का अजून?

---

कुळागरकर
१२ एप्रिल, रात्री १०.५०

दार लावले काका. आईला सांगितले.

आमचे थोरले काका २००९ मध्ये गेले. शेवटची तीन वर्षे दम लागायचा, पायऱ्या चढवत नव्हत्या. विड्या ओढायचे, म्हणून आम्ही सगळे विडीलाच दोष देत होतो. छातीची नीट तपासणी झालीच नाही.

ती दोरी आणली तेव्हाचे मला आठवते. मी पाचवीत होतो. त्यांनी एक तुकडा रॉकेलात बुडवून पेटवून दाखवला होता. रॉकेल जळून गेले, दोरी तशीच. आम्ही पोरे टाळ्या वाजवत होतो.

---

फोंड्याचा_इंजिनीअर
१३ एप्रिल, सकाळी ७.२०

तारवटीकाकांचे म्हणणे शंभर टक्के खरे. मी स्थापत्याच्या बाजूने थोडे लिहितो.

ॲस्बेस्टॉस म्हणजे जमिनीतून निघणारे खनिजच. फरक एवढाच की ते फुटले की दाण्यांत न फुटता तंतूंत फुटते. तंतू उभे चिरत जातात, एकाचे शंभर होतात, डोळ्यांना दिसत नाहीत इतके बारीक. श्वासाबरोबर फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात. शरीर त्यांना विरघळवू शकत नाही आणि बाहेरही टाकू शकत नाही. त्यामुळे जागेवर शांत असलेला, न फुटलेला पत्रा तुम्हाला लगेच काही करत नाही. घण, ड्रिल, ग्राइंडर, करवत, कोरडा झाडू यांनी उडणारी धूळ करते.

आपल्या सिमेंट पत्र्यांत साधारण दहा टक्क्यांच्या आसपास क्रायसोटाइल, म्हणजे पांढरे ॲस्बेस्टॉस असते. बाकी सिमेंट आणि फ्लाय ॲश, म्हणजे कोळशाची राख. चाळीस पावसाळे खाल्लेल्या पत्र्याची गोष्ट वेगळी. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. वरचे सिमेंट झिजते, पत्रा खरखरीत होतो, तंतू उघडे पडतात. तुम्ही कडेला पाहिलेली लव तीच. पन्हळीत साठलेल्या काळ्या गाळातही ते असतात, तेव्हा तो गाळ वाळल्यावर खरवडू नका, ओला असतानाच उचला.

प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्याशिवाय खात्री होत नाही. पण १९८४ चा सिमेंट पत्रा आहे म्हणजे ॲस्बेस्टॉस आहेच असे धरून चाला. तपासायला तुकडा मोडू नका. मोडणे हेच तर टाळायचे आहे.

विहिरीची चिंता कराल म्हणून सांगतो. पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने ॲस्बेस्टॉसची मर्यादा घातलेली नाही. सारा प्रश्न श्वासाचा आहे. तुकडे विहिरीजवळून हलवा, पण त्यासाठी रात्र जागवू नका.

---

बाणस्तारीकर
१३ एप्रिल, दुपारी १.०५

मला हे जरा जास्तच वाटते. आमच्या गोठ्यावर आणि माजघरावर ३५ वर्षे हेच पत्रे आहेत. शाळेत आम्ही याच पत्र्याखाली शिकलो. प्रयोगशाळेत स्पिरिटच्या दिव्यावर जी जाळी ठेवायचो तिच्या मधला पांढरा गोल कसला होता? आम्ही नखांनी खरवडायचो. आज साठी ओलांडली, रोज पाच किलोमीटर चालतो. दुकानात आजही हे पत्रे उघड मिळतात. इतके घातक असते तर सरकारने विकू दिले असते का? गरीब माणसाने छपरावर घालायचे काय?

---

परिचारिका_ताई
१३ एप्रिल, दुपारी ३.३०

दादा, तुम्ही ठणठणीत आहात याचा आनंदच आहे. पत्र्याखाली नुसते राहणाऱ्या बहुतेकांना काही होत नाही हेही खरे. कोणी कधीतरी एकदा तुकडा हाताळला म्हणून आजार होतो असे नाही. धोका वाढतो तो किती धूळ आणि किती वर्षे यावर. म्हणून त्या भाच्याच्या आईला सांगा, घाबरू नको, एक्स-रे काढायला धावू नको. आज काढलेल्या एक्स-रेमध्ये कालचे काही दिसत नाही.

पण "इतक्या वर्षांत काही झाले नाही" यावर विसंबू नका. हा आजार वीस, तीस, चाळीस वर्षांनी उभा राहतो. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली या उद्योगातल्या कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी कामाला लागल्यापासून किमान ४० वर्षे किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षे, यातले जे उशिराचे असेल तोवर जपायला सांगितल्या, त्या काही उगाच नाही. आपल्याकडे खाणीतून काढायला परवानगी नाही, पण परदेशातून आणून पत्रे बनवायला आहे. म्हणून दुकानात मिळतात. ब्रिटनने १९९९ मध्ये सगळे बंद केले, ऑस्ट्रेलियाने २००३ च्या अखेरीस. आपल्याकडे मिळते म्हणजे निर्धोक आहे असा अर्थ कृपा करून काढू नका.

मी छातीच्या आजारांच्या वॉर्डात काम करते. वर्षानुवर्षे धुळीत काम केलेला माणूस येतो आणि डॉक्टरांना सांगतो, "मी गवंडी होतो." पत्रे कापत होतो असे सांगत नाही, कारण ते सांगण्यासारखे आहे हेच त्याला माहीत नसते. ज्यांच्या घरात कोणी जहाजावर, बॉयलरवर, पत्र्यांच्या कामावर होते, त्यांनी डॉक्टरांना ते आपणहून सांगावे. आणि विडी-सिगारेट सोडावी. या धुळीबरोबर धूम्रपान असेल तर फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका कितीतरी पटींनी वाढतो.

कपड्यांबद्दलही सांगते. नवरा कारखान्यात, बायको घरी त्याचे कपडे झटकून धुणारी, आणि आजार तिला. असे जगभर नोंदले गेले आहे.

---

मुरगावचा_तारवटी
१३ एप्रिल, सायंकाळी ६.१०

ताई, शेवटचे वाक्य वाचून थांबलो. माझा बॉयलर सूट सुट्टीत घरी यायचा तो तसाच गाठोडे बांधून. बायको धुवायची. उद्याच तिला घेऊन डॉक्टरांकडे जातो.

---

पेडण्याहून_स्विंडन
१३ एप्रिल, रात्री ११.५५

मी इंग्लंडात स्विंडनला राहतो. इथले घर १९५० च्या सुमाराचे. घेताना सर्वेक्षण करणाऱ्याने अहवालात लिहून दिले की बॉयलरच्या कपाटाच्या मागची पाटी ॲस्बेस्टॉसची आहे, ड्रिल करू नका. इथे २००० च्या आधी बांधलेल्या कुठल्याही घरात ते असू शकते असे धरतात: पाइपांभोवती, छताच्या रंगात, उष्णता अडवायला घातलेल्या पाट्यांत. या गावात रेल्वेचा मोठा कारखाना होता. तिथे डब्यांना आणि इंजिनांना हे लेपणारे कितीतरी जण या आजाराने गेले, अजूनही जुनी मंडळी त्याबद्दल बोलतात.

इथला कायदा तुमच्या कामाचा नाही, पण त्यातली एक गोष्ट घेण्यासारखी आहे. सिमेंट पत्रे काळजीपूर्वक काढायला परवाना लागत नाही. पाइपावरचे लॅगिंग काढायला मात्र परवानाधारक माणूसच लागतो. तारवटीकाकांनी जे सांगितले तेच.

---

पत्र्याचा_मेस्त
१४ एप्रिल, रात्री ८.३०

मी १८ वर्षे पत्र्यांचे काम करतो. मला लिहायची सवय नाही, पण एक गोष्ट सगळे विसरलात. लोक धुळीने मरतात तशी पत्र्यावरून पडूनही मरतात.

जुना सिमेंट पत्रा माणसाचे वजन घेत नाही. शेवाळ असेल तर तडा दिसतच नाही. माझा मेव्हणा एका गोदामाच्या छपरावरून खाली गेला, पाय ठेवला आणि आरपार. कंबर गेली. तेव्हा वर चढायचे नाही. खालून परांची बांधून खालूनच काढायचे. वर जावेच लागले तर फळी टाकून, आणि फळी पत्र्याखालच्या आधाराच्या पाइपांवर टेकलेली पाहिजे, पत्र्यावर नव्हे.

हुक बोल्ट गंजलेले असतात. पिळले की पत्रा तडकतो. नट कापणीने तोडायचा, ग्राइंडर लावायचा नाही. आदल्या संध्याकाळी आणि काम करताना सारखे पाणी मारायचे, पण हलके, झारीसारखे. जोराचा फवारा मारला तर तंतू उडतात. पाण्यात थोडा भांड्यांचा साबण टाकला तर पाणी आत मुरते. दोघांनी दोन्ही टोके धरून पत्रा आख्खा खाली उतरवायचा. एकावर एक सरकवायचा नाही, घासतो.

आम्ही आजवर तोंडाला रुमाल बांधूनच काम केले. कोणत्याही मालकाने दुसरे काही दिले नाही. आता वाचतो आहे की रुमाल आणि करोनाचा निळा मास्क काही कामाचा नाही. मग कसला घ्यायचा ते कोणी सांगाल का?

---

फोंड्याचा_इंजिनीअर
१४ एप्रिल, रात्री ९.१५

मेस्त, तुमचा प्रतिसाद या धाग्यातला सगळ्यात मोलाचा आहे.

रबरी अर्धा मास्क घ्या, त्याला पी१०० दर्जाची गाळणी. नाहीतर एफएफपी३ दर्जाचा एकदा वापरून टाकायचा मास्क. तो चेहऱ्याला सगळीकडून घट्ट बसायला हवा. दाढीचे खुंट असले तरी बाजूने हवा शिरते, म्हणून कामाच्या दिवशी सकाळी दाढी करा. अंगावर टोपीसकट एकदा वापरायचा कागदी झगा. काम संपले की ओल्या फडक्याने पुसून झगा तिथेच काढायचा, आतली बाजू बाहेर करून गुंडाळायचा. मास्क सगळ्यात शेवटी. आणि घरी जाण्याआधी तिथेच आंघोळ.

याचा खर्च मालकाने करायचा. कुळागरकर, ठेकेदाराने स्वस्तात सांगितलेला अर्धा दिवस म्हणजे दोन मजुरांच्या छातीतून वसूल केलेली बचत आहे. तुमच्या घरचे एक दिवस नातेवाइकांकडे जाऊन राहतील. मजूर उद्या दुसऱ्या छपरावर, परवा तिसऱ्या.

कचऱ्याबद्दल: काढलेले पत्रे जाड प्लास्टिकमध्ये दुहेरी गुंडाळून चिकटपट्टीने बंद करा, वर मार्करने "ॲस्बेस्टॉस, फोडू नका" असे मोठ्या अक्षरांत मराठीत लिहा. भंगारवाल्याला देऊ नका, नदीकाठी तर नाहीच. सत्तरीत पिसुर्ले येथे घातक कचऱ्याची सामाईक व्यवस्था आहे, पण थेट टेम्पो भरून जाऊ नका. आधी गोवा राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाला लेखी अर्ज द्या, पत्रे किती, वजन अंदाजे किती ते लिहा, आणि पोच घ्या.

परसातली वाट उकरू नका. पाणी मारून वर दिसणारे तुकडे हाताने उचला, हातमोजे घालून. खाली दबलेले तसेच राहू द्या, वर माती घालून चिऱ्यांची फरशी बसवा. जमिनीत पुरलेला तंतू हवेत येत नाही.

---

कुळागरकर
६ मे, रात्री ९.००

उशिरा लिहितो आहे, पण बरेच झाले.

दोरीचे आधी. तारवटीकाकांनी वास्कोतल्या जहाजदुरुस्तीच्या ओळखीतून तीन माणसे मिळवून दिली, लॅगिंग काढायचे शिक्षण घेतलेली. त्यांचे काम बाहेर उभे राहून प्लास्टिकमधून पाहिले. न्हाणीला आतून प्लास्टिक लावले, जमिनीपासून छपरापर्यंत, अगदी फटीसुद्धा चिकटपट्टीने बंद केल्या. मग साबणाच्या पाण्याची बारीक फवारणी, दोरी भिजून राखाडी होईपर्यंत. मला वाटले होते आता सोलतील. त्यांनी सोललेच नाही. भिजलेल्या दोरीवरूनच प्लास्टिक गुंडाळले, वर आणखी एक थर, आणि दोरी जिथे संपते तिथे उघड्या धुराड्यावर वर-खाली कापून चार फुटांचा तो नळ आख्खाच बाहेर काढला. दोरीचा एक धागासुद्धा सुटला नाही. नंतर सगळ्या भिंती ओल्या फडक्यांनी पुसून ती फडकीही पिशवीत बंद. झाडू नाही, घरातला व्हॅक्यूमही नाही. त्याने तंतू मागून बाहेर फेकले जातात म्हणे.

आई बल्कावात बसून होती. घरातल्या सगळ्या बाळंतिणींचे पाणी याच बंबात तापले. नळ बाहेर नेताना एवढेच म्हणाली, "भावजींनी किती हौसेने आणली होती." बंब ठेवला आहे, घासून पुसून. पाणी आता सोलरवर तापते.

पत्रे मेस्तांनी काढले, हो, इथल्याच मेस्तांनी. दोन दिवस लागले. २२ पैकी १९ आख्खे उतरले. तीन तडकले, ते ओलेच गुंडाळले. मास्क, झगे, प्लास्टिक सगळे मी आणले. पहिल्या दिवशी दुपारी मेस्तांचा एक तरुण सोबती मास्क गळ्यात अडकवून बोल्ट तोडत होता, उकडत होते म्हणून. मेस्तांनी त्याला परांचीवरून उतरायला लावले आणि सावलीत अर्धा तास बसवले. मजुरी कापली नाही.

गोठ्यावर आता रंगीत लोखंडी पत्रे आहेत, खाली उष्णतेसाठी थर्माकोलसारखा थर असलेले. पडवीवर पुन्हा कौले. खर्च दुपटीच्या वर गेला हे खरे, लपवत नाही. बाणस्तारीकरकाकांनी विचारले होते की गरीब माणसाने काय घालायचे. माझ्याकडे याचे उत्तर नाही. ज्याला आत्ता बदलणे परवडत नाही त्याने पत्रा न फोडता, न घासता राहू द्यावा, तडे असतील तिथे लेप द्यावा, एवढे तरी होण्यासारखे आहे.

पुड्या गोठ्यामागे सावलीत आहेत, अर्ज दिला आहे, पोच घेतली आहे. वाटेवर चिरे बसले.

---

मुरगावचा_तारवटी
७ मे, सकाळी ६.४५

बरे केलेस, बाबा. बायकोच्या छातीचा फोटो स्वच्छ आहे. माझ्या फुप्फुसाच्या आवरणावर जुने डाग निघाले. दर वर्षी दाखवायला सांगितले आहे. चालतो फिरतो, काळजी नको.

---

बाणस्तारीकर
१९ मे, सकाळी ८.१०

काही दिवस वाचत होतो, लिहिले नाही. माझे आधीचे लिखाण मागे घेतो असे म्हणत नाही, पण एक विचारायचे आहे. गोठ्यावरच्या १४ पत्र्यांना पावसाआधी रंग द्यायला माणूस ठरवला आहे. तो आज दहा वाजता येतो. आधी प्रेशर मशीनने शेवाळ धुऊन काढतो म्हणतो. तेवढे चालेल ना?

---

फोंड्याचा_इंजिनीअर
१९ मे, सकाळी ८.१४

नाही, काका. प्रेशरने धुतले की वरचे झिजलेले सिमेंट निघेल आणि तंतू भिंतींवर, अंगणात, शेजाऱ्यांच्या वाळवणावर जातील. आत्ताच फोन करून त्याला थांबवा.

---

बाणस्तारीकर
१९ मे, सकाळी ८.३१

केला. येत नाही. मेस्त, तुमचा नंबर मला व्यक्तिगत संदेशात पाठवाल का?